ताटावर ताबा कोणाचा?

कोकणात जेवण थांबतं ते पातेलं रिकामं झालं म्हणून, पान स्वच्छ झालं म्हणून, वाढणारीचं समाधान झालं म्हणून, नाहीतर मागची पंगत पाठीशी येऊन उभी राहिली म्हणून. पोट भरलं एवढ्याच कारणाने हात थांबला, असं फार थोड्या ताटांवर घडतं. याचं आपण कौतुक करतो, ‘खाणारा माणूस’ म्हणून मिरवतो, आणि चाळिशीनंतर रक्तातली साखर वाढली की सगळा दोष जेवणाऱ्याच्या जिभेवर टाकून मोकळे होतो. माझ्या मते जिभेचा वाटा यात कमी आहे. ताटात किती पडावं आणि त्यातलं किती संपावं, याचे नियम घरात, देवळात, लग्नाच्या मांडवात आणि खाणावळीत दुसरेच ठरवतात. म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे आणि त्याची दुरुस्ती वाढणाऱ्याच्या बाजूने सुरू व्हायला हवी.

आधी हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांनुसार बसून काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला साधारण २,११० कॅलरी लागतात. जड अंगमेहनत करणाऱ्याला ३,४७०. ५५ किलोच्या बाईसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२०. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. म्हणजे पुरुषाच्या बाबतीत मेहनतीचा आणि बैठ्या दिवसाचा फरक जवळजवळ चारशे ग्रॅम तांदळाचा, बाईच्या बाबतीत तीनशेचा. जोत धरणं, चिखलणी, लावणी, डोंगरातून डोक्यावर आणलेले कवळाचे, म्हणजे पाल्याच्या फांद्यांचे, भारे, विहिरीवरून आणलेल्या कळशा, बाजारापर्यंतची पायपीट हे सगळं त्या फरकात होतं. आता पॉवर टिलर आहे, दारात नळ आहे, बाजाराला दुचाकी आहे. पानातला भाताचा ढीग मात्र जोत धरणाऱ्याच्याच मापाचा राहिला. ‘आमचे आजोबा एवढा भात खाऊन नव्वदी गाठून गेले’ असं सांगणारे त्यांचा दिवस सांगत नाहीत. पावसाळ्याच्या शेवटी कणगी तळाला गेली की नाचणी, वरी आणि कुळथावर दिवस काढायचे, हेही त्या गोष्टीतून गळून पडतं.

शरीर ‘झालं’ हे कसं सांगतं? पहिला निरोप जठराचा. अन्न पडत गेलं की जठराची भिंत ताणते आणि ती खबर व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. हा निरोप लवकर पोचतो, पण तो फक्त आकारमानाचा असतो. आत पाणी आहे की तूप, याचा त्याला पत्ता नसतो. दुसरा निरोप आतड्याचा. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पुढच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आणखी दोन संप्रेरकं. ही मंडळी जठर रिकामं होण्याचा वेगही कमी करतात. त्यांचा परिणाम जाणवायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिसरा निरोप चवीचा: एकच पदार्थ खात राहिलं की त्या पदार्थाची गोडी घास-घास कमी होते, बाकीच्या पदार्थांची होत नाही. चौथा स्मृतीचा, आणि तो आपल्या लक्षातच येत नाही. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण होऊन थोडाच वेळ झाला असताना पुन्हा ताट पुढे केलं तर ते पुन्हा जेवत, कारण आधीचं जेवण त्यांना आठवत नसे. टीव्हीवरची मालिका बघत जेवलेल्याची अवस्था याच जातीची, सौम्य एवढंच. जेवणाची नोंदच नीट होत नाही, आणि संध्याकाळी फरसाणाच्या डब्याकडे हात जातो.

गंमत अशी की वजन उतरवण्याची जी महागडी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली, ती याच आतड्याच्या निरोपाची नक्कल करतात.

आता कोकणातलं ताट या चार निरोपांचं काय करतं ते बघू.

मासे-भाताचा हिशेब कधी पुरा होत नाही. भात संपत येतो तेव्हा वाटीत कालवण उरलेलं असतं, म्हणून थोडा भात. तो कालवला की कालवण अपुरं पडतं, म्हणून थोडं कालवण. दोन्ही संपतं तोवर सोलकढी शिल्लक असते, आणि सोलकढीला चार घास भात लागतोच. प्रत्येक वेळी घेतलेला भात ‘थोडाच’ असतो. तीन वेळचा मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम शिजलेला भात वाढतो आणि तो मोजला जात नाही, कारण मोजणारा ‘एकदाच भात घेतला’ असं प्रामाणिकपणे समजतो. त्यात कालवलेला भात ओला आणि मऊ, चावण्याचं काम जवळपास नाही. भाकरी तोंडात रेंगाळते, भात सरकतो. जाणकार जेवणारा दहा मिनिटांत मोकळा होतो, म्हणजे आतड्याचा निरोप पोचायच्या आधी हात धुवून होतात.

तोंडी लावण्याचं म्हणजे काय, याचा विचार करावा. सुक्या बांगड्याचा तुकडा, सुकटीची चटणी, सांडगी मिरची, लोणचं, कुळथाची दाट पिठी. खारट, आंबट, तिखट असं काहीतरी चिमूटभर, आणि त्याच्या जोरावर ताटभर भात. ही फार हुशार योजना होती. मासळी थोडी, भाजी पावसापुरती, कॅलरी मिळवायच्या त्या भातातूनच, तेव्हा बेचव भात भरपूर खाववणारी एखादी युक्ती हवीच होती. युक्ती अजून तशीच चालते, गरज मात्र बदलली. ज्याला भात कमी करायचा आहे त्याने भाताशी झगडण्याआधी लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा ताटापासून लांब ठेवून बघावा. भात आपोआप पाऊण होतो. चवीने उठवलेली भूक चव काढली की बसते.

शाकाहारी पंगतीत भात तीनदा येतो: वरणभात, मसालेभात, शेवटी ताकभात. मधे पुरी, गोड, भजी, कोशिंबीर. एका चवीने थकलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी नवी चव दिली, तर तिसरा निरोप कधीच पुरा पोचत नाही. पोषणशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांनी हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी दाखवलं. आपल्या पंगतीची रचना करणाऱ्यांना ते शतकांपूर्वी ठाऊक असावं. वर्षातून चार लग्नांपुरतं त्याला कोणाची हरकत नाही. पण आता वाढदिवस, साखरपुडा, डोहाळजेवण, वास्तुशांत, क्रिकेटच्या स्पर्धेचं बक्षीस-वितरण, सगळीकडे तेच पान, आणि महिन्यातून तीन-चारदा.

पंगतीत वेळही जेवणाऱ्याचा नसतो. पुढच्या पंगतीचे लोक खुर्च्यांमागे ताटकळत असतात, वाढपी धावत असतात, पहिला घास घेऊन पाचवं मिनिट होत नाही तोवर ‘भात, भात’ करत दुसरी फेरी येते. बुफेने हे सुधारलं असं वाटत होतं. झालं उलटं: परत रांगेत कोण उभं राहणार, म्हणून पहिल्याच फेरीत ताट सगळ्या पदार्थांनी भरून घेतलं जातं, आणि घेतलं म्हणजे संपवायला हवं.

आग्रहाबद्दल लिहिणं कोकणात धाडसाचं. तरी लिहायला हवं. आग्रहाची खरी अडचण जास्त वाढलं जातं ही नाही. नकाराला किंमत राहत नाही ही आहे. पाहुण्याने एकदा नको म्हणायचं, यजमानाने ते खरं मानायचं नाही, अशी दोघांची ठरलेली चाल. मग पाहुणा भूक असतानाही नको म्हणतो, आणि पोट भरल्यावर पानावर आडवा हात धरतो तेव्हा त्यालाही तीच चाल समजून बोटांच्या फटीतून आमटी सोडली जाते. जावई, व्याही आणि गावाला आलेले चाकरमानी यांच्यावर हा प्रयोग सर्वात जोरात होतो, आणि गंमत म्हणजे मुंबईत दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारे तेच असतात. गणपतीत तर दारोदार. एका दुपारी पाच घरं, प्रत्येक घरी करंजी, लाडू किंवा मोदक, वर चहा, आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. मध्यम आकाराच्या उकडीच्या मोदकात साधारण २० ग्रॅम तांदळाची पिठी, २० ग्रॅम ओलं खोबरं, १२ ग्रॅम गूळ, वर एक चमचा तूप धरलं तर सव्वादोनशे कॅलरी होतात. पाच मोदकांत बैठ्या पुरुषाची दिवसाची निम्म्याहून जास्त गरज भागते, आणि नंतर जेवण असतंच. खोबऱ्याचा हिशेब तर आपण धरतच नाही: शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण साडेतीनशे कॅलरी, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या कच्च्या तांदळाएवढ्या.

या सगळ्यात जिच्याबद्दल कोणी बोलत नाही ती शेवटी जेवणारी बाई. तिला आग्रह करणारं कोणी नसतं. तरी ती जास्त खाते, कारण पातेल्यात दोन पळ्या भात उरला आहे, तो ठेवण्याएवढा नाही आणि टाकण्याएवढाही नाही. सगळ्यांना वाढताना तिने सकाळ चहा-बिस्किटावर काढलेली असते, दोन वाजता भूक तापलेली असते, आणि समोर असतं ते उरलेलं: भात भरपूर, मासळीची शेपटी किंवा डोकं, भाजीचा तळ. पोट गच्च होतं आणि शरीराला हवं ते मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा जास्त होतं. जास्त खाणं आणि कमी पोषण एकाच घरात, कधी एकाच अंगात नांदतं, ते असं.

मुलांच्या बाबतीत आपण पोटाचा निरोप बुजवायला फार लवकर सुरुवात करतो. चिऊचा घास, काऊचा घास, मग आजीचा, आणि ते पुरेना म्हणून मोबाइल. तोंड फिरवणं, ओठ मिटणं, घास गालात धरून ठेवणं ही लहान मुलाची ‘झालं’ सांगायची भाषा आहे. मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांच्या १९८७ सालच्या अभ्यासात ज्या मुलांचं लक्ष ताट रिकामं करण्याकडे वळवलं होतं, ती मुलं पोटाच्या खुणांकडे लक्ष द्यायला शिकवलेल्या मुलांपेक्षा स्वतःचं खाणं बेतण्यात मागे पडली. ताटात काय असावं आणि जेवण किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलावर सोडावं. एखादं जेवण ते चार घासांत आटपेल, पुढच्या जेवणाला भरून काढेल. वाढीचा तक्ता नीट चालला असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: अन्न टाकायचं का? अन्न हे पूर्णब्रह्म. आक्षेप खरा आहे, फक्त चुकीच्या जागी लावला जातो. पानात पडल्यावर विचार करून उपयोग नसतो; चूक त्याआधी, तांदूळ मोजताना झालेली असते. १५० मिलिलिटरच्या वाटीत साधारण १२० ते १२५ ग्रॅम तांदूळ मावतो. बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला एका जेवणाला ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात, बरोबर मासळी किंवा डाळ आणि भाजी असेल तर पुरतो. चौघांना अडीच वाट्या. बहुतेक घरांत चार जातात, ‘असू दे, कोणी आलं तर’ म्हणून. तरी उरलाच तर भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये जावा. आपल्या दमट हवेत तो रात्रभर ओट्यावर ठेवला की त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष परत गरम केल्याने जात नाही. पावसात वीज जाणाऱ्या गावी म्हणून कमी शिजवणं हाच उपाय. कालवणाची काळजी कमी: उकळी आणून, निववून फ्रिजमध्ये ठेवलेलं कोकमातलं बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे इथे कोणाला सांगायला नको.

पेज मात्र सोडायला नको होती. उकड्या तांदळाची पेज हे कमी कॅलरीत पोट भरण्याचं या किनाऱ्यावरचं सर्वात जुनं आणि सर्वात स्वस्त साधन. ४० ग्रॅम तांदळात मोठा वाडगा भरतो आणि त्यात १४० कॅलरी असतात. पाणी अन्नात शिजलेलं असलं तर भूक भागवतं, तेच पाणी बाजूला पेल्यातून प्यालं तर तेवढं भागवत नाही. रोल्स यांच्याच १९९९ सालच्या एका प्रयोगात हा फरक दिसला. न्याहारीला पेज आणि सोबत भाजलेल्या सुक्या मासळीचा तुकडा किंवा उसळ असली, तर दुपारी दोनची भूक तापत नाही. तिच्या जागी आलेले खारी-टोस्ट आणि चहा दोन तासही टिकत नाहीत.

घरातल्या जेवणात तीन बदल पुरे. पातेलं ताटाशेजारी न ठेवता ओट्यावर ठेवावं. परत घ्यायला उठावं लागलं की निम्म्या वेळा उठणं होत नाही. भात एकदाच, पण कालवणासकट आणि सोलकढीचा वाटा आधीच बाजूला काढून घ्यावा, म्हणजे ते न सुटणारं गणित सुरूच होत नाही. आणि अर्धं ताट झाल्यावर हात थांबवून दोन मिनिटं बसावं. त्या वेळी शोधायच्या खुणा बारीक असतात: घासाचा वेग मंदावणं, चव सपाट होणं, पाठ मागे टेकावीशी वाटणं. ढेकरेची वाट बघू नये. तृप्तीची म्हणून जिचं कौतुक होतं ती ढेकर बहुतेक वेळा घाईत गिळलेल्या हवेची असते, आणि ती येते तोवर फार उशीर झालेला असतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने जठराचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक रिकामा ठेवायला सांगितला. त्या चौथ्या भागाची जाणीव ढेकरेआधीच होते.

हे सगळ्यांना सारखं लागू नाही. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात एकदम निम्मा करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आजारातून उठलेले, भूक मेलेले म्हातारे, खलाशी म्हणून बोटीवर जाणारे तरुण, यांना कमी खा म्हणणं चूकच. जाळं ओढणाऱ्याचा ३,४७० चा दिवस अजून तसाच आहे. ज्यांचं खाणं भावनेच्या भरात हाताबाहेर जातं आणि मग अपराधी वाटतं, त्यांना नियमांची नाही तर उपचारांची गरज असते.

पण घर सुधारून भागत नाही. देवस्थान समित्या, मंडळं आणि लग्नाचे केटरर यांनी ठरवलं तर एका हंगामात फरक दिसेल. महाप्रसादाला मोठ्या डावाऐवजी १०० ग्रॅम भात बसेल अशी पळी द्यावी. पहिली वाढ एकच पळी, दुसरी फेरी किमान दहा मिनिटांनी. वाढप्याने एकदाच विचारायचं आणि आडव्या हातावर वाढायचं नाही, हे आदल्या संध्याकाळी पोरांना सांगून ठेवावं. सांगितल्याशिवाय होत नाही, कारण त्यांना ‘हात सैल ठेवा’ असंच शिकवलेलं असतं. मागे ताटकळणाऱ्यांची अडचण नको म्हणून पंगतीला पंचवीस मिनिटं धरून वेळापत्रक आखावं, पंगत एक वाढली तरी चालेल. गणपतीत प्रसाद द्रोणात बांधून हातात द्यावा. मान राहतो, मोदक संध्याकाळी घरच्यांत वाटला जातो.

खाणावळींचा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून तो पैशानेच सोडवावा लागेल. मालवण असो की अलिबाग, मासे थाळीत तुकडी मोजून मिळते आणि भात हवा तेवढा, कारण ताटातली सर्वात स्वस्त वस्तू भातच. पाचशे रुपये मोजलेला पर्यटक ते भातातून वसूल करतो, आणि तिथेच रोज जेवणारा स्थानिक कामगारही. भाजी थाळीत बहुधा नावालाच. त्याऐवजी थाळीचे दोन दर असावेत: भात हवा तेवढा, किंवा एक मूद भात आणि त्याच्या बदल्यात वाटीभर पालेभाजी, वाल किंवा जास्तीची सोलकढी. मालकाचं नुकसान फारसं नाही, भाताबरोबर जाणारं फुकट कालवण वाचतं. करून बघायला जून-जुलै बरे. यांत्रिक मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी असते, पर्यटक तुरळक, आणि जेवायला येणारे बहुतेक रोजचेच, त्यामुळे कोणाला एक मूद पुरली आणि कोण पुन्हा भात मागतो हे गल्ल्यावर बसून दिसतं.